अन्नवस्त्र आणि शुश्रूषा : वृद्ध मातापित्यांविषयीच्या कायद्यातील एक उणीव

निर्वाहाच्या हक्कास मराठी न्यायालयीन भाषेत ‘अन्नवस्त्र’ हा जुना शब्द आहे. त्यात अन्न आले, वस्त्र आले. परंतु ते अन्न भरविणारा हात आला नाही. वृद्ध मातापित्यांविषयीच्या आपल्या कायद्याचा इतिहास पाहू जाता ही उणीव केवळ शब्दाची नाही, असे आढळून येते.

वडिलार्जित मिळकत हाती असो वा नसो, वृद्ध आईबापांचे पोषण हे पुत्राचे वैयक्तिक कर्तव्य होय, हे तत्त्व ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनीही मान्य केले होते. तथापि दंडाधिकाऱ्याकडून त्वरित दाद मिळवून देणारे १८९८ च्या फौजदारी संहितेचे कलम ४८८ केवळ पत्नी व अपत्ये यांच्यापुरते होते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने हे कर्तव्य कन्येवरही घातले; १९७३ च्या संहितेच्या कलम १२५ ने आईबापांस दंडाधिकाऱ्याचे दार उघडले. विवाहित कन्याही या कलमाखाली उत्तरदायी ठरते, हे १९८७ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. मात्र दरमहा पाचशे रुपयांची मर्यादा २००१ पर्यंत टिकली, ही गोष्ट विसरता कामा नये.

२००७ च्या अधिनियमाने स्वतंत्र न्यायाधिकरण, नव्वद दिवसांची मुदत व दरमहा दहा हजारांपर्यंतची रक्कम ठरविली. निर्वाहाची व्याख्या तेथे अन्न, वस्त्र, निवास व वैद्यकीय उपचार अशी आहे. म्हणजे जे पैशाने विकत घेता येते, तेवढेच कायद्यास दिसते. एक भाऊ परगावाहून पैसे पाठवितो, दुसरा रात्री उठून वडिलांची कूस बदलतो. कायद्याच्या हिशेबात जमा होते ती पहिल्याची रक्कम.

प्राप्तिकराची दृष्टीही याहून निराळी नाही. २०१८ च्या वित्त अधिनियमाने ज्येष्ठ आईवडिलांच्या आरोग्यविम्यावरील वजावट पन्नास हजारांपर्यंत वाढविली. विमा नसल्यास औषधोपचाराचा खर्चही त्याच मर्यादेत धरला. परंतु २०२० मध्ये आलेल्या पर्यायी करपद्धतीत ही वजावट ठेवण्यात आली नाही, आणि २०२३ पासून तीच मूळ पद्धती मानली गेली. आईसाठी नोकरी सोडणाऱ्या मुलीचे बुडालेले वेतन तर दोहोंपैकी कोणत्याही पद्धतीत बसत नाही.

राहिली सून. आपल्या घरांतून ही शुश्रूषा बहुधा तिच्याच वाट्यास येते, हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही! २००७ च्या अधिनियमातील ‘अपत्ये’ या व्याख्येत पुत्र, कन्या, नातू व नात आहेत, ती नाही. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर तिचा प्रश्न आला तो घराबाहेर काढण्याच्या संदर्भात. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला दिलेला निवासाचा हक्क या अधिनियमाच्या आधारे सरसकट डावलता येणार नाही, असा निर्णय झाला. तत्पूर्वी २०१९ च्या दुरुस्ती विधेयकाने सून व जावई यांस ‘अपत्ये’ या व्याख्येत आणू पाहिले होते. शुश्रूषा करणारी म्हणून तिची दखल त्यातही नव्हती. तिचा समावेश व्हावयाचा होता तो निर्वाहाची रक्कम देणे लागणाऱ्यांत. ते विधेयक २०२४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले.