कागदी पक्षी पुण्यात कुठून आला?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या दुसरी-तिसरीच्या मुलांना कागदी पक्षी शिकवत होते. जुन्या कॅलेंडरच्या पानांचे चौकोन कापले, नखाने घड्या पक्क्या केल्या. शेपूट ओढली की पंख हलतात हे कळल्यावर एकच गोंधळ! तेवढ्यात एकीनं विचारलं, "ताई, हा पक्षी पुण्यात कुठून आला?" मी बोलून गेले, "जपानहून." घरी आल्यावर टोचत राहिलं. इतिहासात पीएचडी करणारीनं इतकं झटपट उत्तर द्यावं?

उत्तर अर्धंच बरोबर होतं. कागदी क्रौंचांची परंपरा जपानी खरीच. १७९७ मध्ये तिथे निव्वळ क्रौंचांच्या घड्यांवर पुस्तक छापलं गेलं. पण शाळेच्या वर्गात कागद दुमडण्याची आणखी एक वाट आहे. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. त्याच्या पद्धतीत ठोकळ्यांबरोबर कागदाच्या घड्याही होत्या. शोभेची वस्तू करणं हा मुख्य हेतू नव्हता. चौकोनाचा त्रिकोण होताना आकार हाताला कळावा, हा होता. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक काढलं, तेही किंडरगार्टनच्या या घडीकामावरूनच सुचलेलं.

आता पुणे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. अमेरिकेतल्या मुक्कामात त्यांनी किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि १८९० मध्ये ते पुण्यात आणलं.

इथेच मोह होतो. 'पुण्यातला पहिला कागदी पक्षी शारदा सदनात घडला' – काय मस्त वाक्य आहे! पण त्यात तीन विधानं एकमेकांत दुमडलेली आहेत, ती उलगडून बघा. रमाबाई ही पद्धत शिकल्या, हे पहिलं. सदनात घडीकाम झालं, हे दुसरं. त्यात पक्षी होता, हे तिसरं. पहिल्याचा पुरावा तिसऱ्याला चालत नाही.

शिवाय कागदी पक्षी संध्याकाळी केराच्या टोपलीत जातो, संग्रहालयात नाही. म्हणून वस्तू मिळाली नाही की तिच्याभोवतीचे कागद शोधायचे: शाळांचे वार्षिक अहवाल, वेळापत्रकं, शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम, खरेदीच्या वह्या. बालशिक्षणावरच्या लांबलचक भाषणापेक्षा 'रंगीत कागद, इतके दस्ते' अशी एक नोंद कधीकधी जास्त सांगते. संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना प्रत्येक विधानापुढे त्याचं साधन लिहून बघा. ज्या ओळीपुढची जागा रिकामी राहील, तोच तुमचा संशोधनप्रश्न.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला म्हटलं, "काल मी घाई केली. शाळेत कागदाच्या घड्या दोन वाटांनी आल्या असाव्यात. आपला पक्षी कुठल्या वाटेनं आला ते शोधतेय."

ती पंख हलवत म्हणाली, "सापडलं की सांग हं."