जिराईत, वाफसा आणि बांध

मराठवाड्यातील शेतीची परिभाषा मुख्यतः ओलीभोवती घडलेली आहे. अरबी 'जिराअत' म्हणजे केवळ शेती. मराठीत मात्र 'बागाईत' या शब्दाच्या जोडीस येऊन 'जिराईत'चा अर्थ पावसावरच्या शेतीपुरता संकोचला. 'वाफसा' हा शब्द त्याहून सूक्ष्म आहे. माती चिखल राहिलेली नाही, कोरडीही पडलेली नाही. तीत ओल आणि हवा दोन्ही खेळत आहेत, ही अवस्था तो एकट्याने सांगतो. शाळू पाऊस सरताना पेरतात आणि तो काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवरच पोसतो. म्हणून पेरणीपूर्वी वखराच्या पाळ्या आणि नंतर भेगा बुजविणारी कोळपणी.

या ज्ञानास मोजमापाची जोड १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे मिळू लागली. पुढे १९३३ पासून सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची केंद्रे निघाली. पैकी रायचूर हे औरंगाबादप्रमाणेच तेव्हा निजामाच्या राज्यात होते. या प्रयोगांतून जी 'मुंबई पद्धती' सिद्ध झाली तीत बांध घालणे, वखरणी, सुमारे १८ इंच अंतरावर विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी यांवर भर होता. वखर आणि कोळपे शेतकऱ्याचेच होते. नवा होता तो बांध, निदान त्याचा अर्थ तरी.

मराठीत 'बांध' म्हणजे पाणी अडविणारा मातीचा उंचवटा, आणि 'बांध' म्हणजे शेताची हद्दही. बांध कोरल्यावरून भाऊबंदकी माजते ती या दुसऱ्या अर्थाने. समपातळी बांध जमिनीची उंची पाहतो, सातबारा पाहत नाही. एकाच्या शेतातून तो तिरपा जातो, दुसऱ्याच्या शेतात पाणी तुंबवितो. मुंबई प्रांतात १९४२ साली जमीनसुधारणा योजनांचा कायदा झाला. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. बांधबंदिस्तीस झालेल्या विरोधाची बोळवण 'अडाणीपणा' म्हणून करण्याची सरकारी सवय प्रस्तुत लेखकास मान्य नाही. भारी काळ्या जमिनीत अशा बांधामागे पाणी साचून पीक पिवळे पडते, आणि उन्हाळ्यात भेगाळलेला बांध पहिल्या जोराच्या पावसात फुटतो, हा अनुभव खराच होता. अशा जमिनींसाठी पुढे कृषिशास्त्रज्ञांनीच जादा पाणी हळूहळू वाहून नेणारे ढाळीचे बांध सुचविले.