सौम्य नैराश्य आणि स्वसाहाय्य (हट्टा परिसर)

सौम्य नैराश्य : सलग किमान दोन आठवडे मन उदास राहणे किंवा कशातच रस न वाटणे, जोडीला झोप, भूक, उमेद, एकाग्रता यांपैकी काही बिघडणे, पण रोजची कामे कशीबशी का होईना चालू असणे, अशी अवस्था. हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातल्या हट्टा गावाच्या बाजूला ‘मन लागंना’, ‘काहीच करू वाटंना’ अशा शब्दांत ती सांगितली जाते. पुष्कळदा तेवढेही बोलले जात नाही. डोके दुखते, अंग मोडून येते, धडधडते, एवढेच डॉक्टरांच्या कानावर पडते. ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची, २७ गुणांची चाचणी आहे. तीत ५ ते ९ गुण सौम्य लक्षणे दाखवतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील वीस प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात केव्हातरी नैराश्य येते आणि नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना राहतात.

मन थाऱ्यावर आले की माणूस आपोआप कामाला लागेल, असा सर्वसाधारण समज असतो. वर्तनसक्रियतेची पद्धत नेमकी उलटी चालते : आधी कृती, गोडी मागाहून. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लेविनसन यांनी १९७० च्या दशकात तिचा पाया घातला. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हीच पद्धत वापरली. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक होते. सहा ते आठ भेटींत त्यांनी गुण आणला आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापले. तिथले रुग्ण तर सौम्य अवस्थेच्याही पुढे गेलेले होते.

या भागात शेतीचे वेळापत्रकच बराच काळ माणसाला ओढून नेते. जूनमध्ये पेरणी आणि हळदीची लागवड, दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढणे, शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे. हळद वसमतच्या बाजारात गेली की उन्हाळ्याचे रिकामे दिवस येतात. हातात काम नाही, डोक्यात उधारीचा हिशेब. सांभाळायचे ते हेच दिवस.

त्यासाठी शाळेची जुनी वही पुरते. पानावर तासांच्या ओळी आखायच्या, त्या वेळी काय केले ते लिहायचे आणि समोर दोन आकडे मांडायचे : किती बरे वाटले आणि काम पार पाडल्याचे समाधान किती, दहापैकी. ‘सहा वाजता धार काढली – २, ५’. ‘दुपारी बाजेवर पडून – १, ०’. आठवड्याची पाने समोर ठेवली की पडून राहिल्याने थकवा जात नाही, हे स्वतःच्याच अक्षरात दिसते. मग पुढच्या दिवसाची दोन-तीन कामे आदल्या रात्री ठरवायची, आणि ती मुद्दाम छोटी ठेवायची. ‘शेत नीट करणे’ नव्हे, तर ‘बांधावरचा एक तुकडा साफ करणे’. वाटले तर करू, अशी सवलत इथे नाही.

उठण्याची वेळ रोज एकच असावी. दिवसाची झोप लांबवू नये. शेतातले काम आणि भरभर चालणे एकच, असे अनेकांना वाटते. पण काम करताना डोके तोच हिशेब उगाळत असेल, तर सकाळचा अर्धा तास सोबत्याबरोबर चालणे वेगळेच ठरते. भजनी मंडळ, हरिपाठ, बचत गटाची बैठक यांचाही उपयोग होतो, श्रद्धा असो वा नसो. ठरल्या वेळी आपली वाट पाहणारी माणसे तिथे असतात. दारूने त्या रात्रीपुरती झोप लागते, पण ती मोडते आणि उदासी वाढते. विचारांच्या पातळीवर विवेकनिष्ठ मानसोपचार उपयोगी पडतो. ‘पीक गेले, म्हणजे मी नालायक’ यातल्या दुसऱ्या अर्ध्याला पुरावा काय, असा प्रश्न तो विचारायला लावतो. अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली.

कर्ज, पडलेला भाव, अवकाळी पाऊस यांवर वहीचा इलाज नाही; तसा दावा करणे अप्रामाणिक होईल. मात्र बँकेत जाणे, अर्ज भरणे, पंचनाम्याला हजर राहणे यासाठी लागणारी उमेद टिकवता येते. मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशा कार्यकर्त्या घरोघरी प्रश्नावली घेऊन जातात. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. काही आठवड्यांत फरक पडला नाही, कामे ठप्प झाली किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर स्वसाहाय्यावर न थांबता डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी घरच्यांनी फवारणीच्या औषधाचे डबे त्याच दिवशी घरातून आणि गोठ्यातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात ठेवावेत.