फडेप्पा चौगुले अठरा मिनिटं मागे का होते? निकालपत्रक वाचण्याचा एक धडा

गेल्या डिसेंबरात मी वसई-विरार महापौर मॅरेथॉनमध्ये अर्धमॅरेथॉन धावलो. ही स्पर्धा 2011 पासून होते आणि चांदीपला राहणाऱ्याला ती घरचीच वाटते. दोन तासांत संपवायचं ठरवलं होतं, लागले दोन तास पंधरा मिनिटं. घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न केला, "कितवा आलास?" मी म्हटलं, "ऊन फार होतं गं."

प्रश्न काय आणि उत्तर काय! पण थोडं थांबून बघा. शोधनिबंधात आपण नेमकं हेच करतो. प्रश्न "किती"चा असतो, हातात आकडा असतो, आणि आपण लगेच "का" सांगून मोकळे होतो. माझा पीएच.डी.चा विषय क्रीडा इतिहास आहे आणि ही चूक मी माझ्या आराखड्यातही केली होती. त्याचीच ही गोष्ट.

आधी माझा निकाल

संध्याकाळी मी टप्प्यांच्या वेळा काढल्या. पहिले पाच किलोमीटर 27 मिनिटं 30 सेकंद, दुसरे पाच 29 मिनिटं, तिसरे पाच 33 मिनिटं, चौथे पाच 37 मिनिटं 30 सेकंद. उरलेल्या 1.1 किलोमीटरला 8 मिनिटं. दोन तासांसाठी किलोमीटरला साधारण 5 मिनिटं 41 सेकंद हा वेग पुरला असता. मी सुरुवात केली साडेपाचने. घसरण सुरू झाली ती पाचव्या किलोमीटरनंतर, म्हणजे सूर्य नीट वर यायच्याही आधी. उन्हाचं कारण तिथेच लंगडं पडलं.

मग सरावाची वही उघडली. चांदीपहून महामार्गाच्या दिशेने जाऊन परत, असा माझा सराव. तीन महिन्यांच्या नोंदींत सगळ्यात लांब धाव 12 किलोमीटरची होती, आणि शर्यतीत मी खरा कोलमडलो तो दहा ते पंधराच्या टप्प्यात. सुधारणा कुठे करायची हे आता दिसत होतं. सुरुवात हळू करायची आणि आठवड्यातून एक धाव लांबवायची.

इथे तीन वेगळे कागद लागले हे लक्षात घ्या. किती हे निकालाने सांगितलं, कुठे हे टप्प्यांनी, आणि का याचा अंदाज वहीने दिला. एका कागदाला दुसऱ्याचं काम सांगितलं की गडबड होते.

आता 1920

22 ऑगस्ट 1920, अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन. बेळगावचे फडेप्पा चौगुले 19 वे आले, वेळ 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद. त्याच शर्यतीत धावलेले सदाशिव दातार शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन 2 तास 32 मिनिटं 36 सेकंदांत जिंकला. फरक 18 मिनिटं 9 सेकंद.

माझ्या आराखड्याच्या पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं: "अनवाणी धावण्याची सवय व प्रशिक्षणाचा अभाव यांमुळे चौगुले मागे पडले." मार्गदर्शक सरांनी "मुळे" या दोन अक्षरांभोवती गोल काढला आणि शेजारी लिहिलं, "कशावरून?" त्या गोलाने माझे चार महिने खाल्ले. एक अख्खं प्रकरण त्या वाक्यावर उभं होतं.

चला, मी पुन्हा सुरुवात कशी केली ते पायरी-पायरीने सांगतो.

पायरी एक: मोजमाप एकसारखं आहे का?

आजची मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. हे अंतर 1908 मध्ये लंडनला धावलं गेलं, पण नियम म्हणून ठरलं 1921 मध्ये. अँटवर्पचा मार्ग होता 42.75 किलोमीटरचा, ऑलिंपिकच्या इतिहासातला सगळ्यात लांब. म्हणजे 2:50:45 ही वेळ आजच्या धावपटूच्या वेळेशेजारी तशीच ठेवता येत नाही. सरासरी वेग काढला तर चौगुले किलोमीटरला जवळपास 4 मिनिटं घेत होते, कोलेमाइनेन 3 मिनिटं 34 सेकंद. त्याच वेगाने आजचं अंतर धरलं तर चौगुल्यांची वेळ 2 तास साडेअठ्ठेचाळीस मिनिटांच्या आसपास येते. आणि 18 मिनिटांचा तो मोठा आकडा किलोमीटरमागे 25 सेकंदांचा होतो. कोलेमाइनेनने रेषा ओलांडली तेव्हा चौगुले, सरासरी वेग धरून, साडेचार किलोमीटर मागे असणार. आपल्याकडच्या हिशेबात विरार ते नालासोपारा.

पायरी दोन: सरासरी काय लपवते?

किलोमीटरला चार मिनिटं हा आकडा दोन अगदी वेगळ्या शर्यतींतून येऊ शकतो. एकात धावपटू पहिल्यापासून शेवटपर्यंत चारच्या वेगाने गेला. दुसऱ्यात तो 3:40 ने सुटला आणि पुढे 4:20 वर आला. पहिल्याला वेग कमी पडला, दुसऱ्याला दम. प्रशिक्षकाचा सल्ला दोघांना वेगळा असेल आणि इतिहासकाराचं वाक्यही. नुसत्या अंतिम वेळेवरून "दम कमी पडला" लिहिणं म्हणजे माझं "ऊन होतं" म्हणण्यासारखंच.

पायरी तीन: कारण कुठल्या कागदात आहे?

अनवाणीची गोष्ट मी आणली कुठून? 1919 मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष होते. शेतकरी घरांतली, अनवाणी धावणारी मुलं आणि त्यांचा चांगला वेग पाहून त्यांना ऑलिंपिकला संघ पाठवावासा वाटला. हे आपल्याला कळतं ते टाटांनी 1929 मध्ये ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रातून. पत्र मोलाचं आहे, पण त्याला दोन प्रश्न विचारावे लागतात. एक, ते घटनेनंतर दहा वर्षांनी लिहिलेलं आहे, तेही भारतीय ऑलिंपिक चळवळ कशी सुरू झाली हे सांगण्यासाठी. दोन, ते पुण्याबद्दल बोलतं. पुण्याच्या रस्त्यावरचे अनवाणी पाय उचलून मी अँटवर्पच्या निकालाखाली ठेवले होते. निकालपत्रकात क्रमांक, नाव, देश, वेळ असते. पादत्राणांचा रकाना नसतो.

आणि अनवाणी म्हणजे आपोआप मागे, हे तरी खरं का? 1960 मध्ये रोमला अबेबे बिकिला अनवाणी धावून 2 तास 15 मिनिटांत जिंकला. चार वर्षांनी टोकियोत त्याने बूट घालून 2 तास 12 मिनिटांत पुन्हा जिंकलं. "बुटांमुळे तीन मिनिटं वाचली" असंही म्हणता येत नाही. मधे चार वर्षांचा सराव आहे, मार्ग वेगळा आहे, हवा वेगळी आहे.

पायरी चार: तुलना कोणाशी?

हा प्रश्न मला सगळ्यात उशिरा सुचला. कोलेमाइनेनने 1912 मध्ये स्टॉकहोमला तीन सुवर्णपदकं घेतली होती आणि त्यानंतर अमेरिकेत राहून मॅरेथॉन धावल्या होत्या. चौगुले ज्या संघात होते तो टाटांच्या पुढाकाराने आणि बऱ्याच अंशी त्यांच्या खिशातून उभा राहिला. विजेत्याशी तुलना केली की चौगुले "मागे पडलेले" दिसतात. दातारांशी केली की "टिकलेले" दिसतात. आकडा तोच, गोष्ट बदलते.

अलीकडचं उदाहरण घ्या. साताऱ्याच्या ललिता बाबर यांनी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. दोन दिवसांनी अंतिम फेरीत 9:22.74, दहावा क्रमांक. स्वतःच्याच वेळेशी ताडलं तर जवळपास तीन सेकंद मागे. 1984 च्या पी. टी. उषांनंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय महिला म्हणून पाहिलं तर 32 वर्षं पुढे. दोन्ही विधानं खरी आहेत. तुमच्या निबंधाला कोणतं हवं, आणि का, हे तुम्ही उघड सांगितलं पाहिजे.

मग आराखड्यात काय उरलं?

"मुळे" गेलं. प्रकरणाचा प्रश्नच बदलला. चौगुले मागे का पडले, याऐवजी ते मागे का पडले हे त्या काळात कोणी, कधी आणि कशासाठी सांगितलं, हा प्रश्न आला. त्याला कागद आहेत. शिवाय एक गोष्ट मनाला लागली. "बिचारे अनवाणी" म्हणताना मी एका माणसाने साडेबेचाळीस किलोमीटरहून जास्त धावून कमावलेला निकाल सबबीत गुंडाळत होतो. त्यांनी ती सबब दिली नव्हती, मी त्यांच्या तोंडी घातली होती.

पेटची किंवा मुलाखतीची तयारी करत असाल तर एक करून बघा. तुमच्या विषयातला एक आकडा घ्या: शर्यतीची वेळ, शाळेची पटसंख्या, गावाचा सारा, काहीही. वहीत तीन रकाने आखा: किती, कुठे, का. प्रत्येक रकान्यात वाक्याऐवजी फक्त कागदाचं नाव लिहा, ज्यावरून ते वाक्य लिहिता येईल. तिसरा रकाना रिकामा राहिला तर घाबरू नका. पुढची दोन वर्षं कुठे जायचं ते तुम्हाला कळलं.

माझ्या धावण्याच्या वहीत आता 16 किलोमीटरची एक नोंद आहे. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "आणि ऊन?" म्हटलं, होतं थोडं.