कुरणांची बीजमिश्रणे (ब्रिटन)

नांगरटीच्या जमिनीत धान्यपिकांच्या फेरपालटीत काही वर्षांपुरते कुरण तयार करण्यासाठी पेरावयाची मिश्र बियाणी. अशा फेरपालटीच्या कुरणास ब्रिटनमध्ये ‘ले’ म्हणतात. मिश्रणात सामान्यतः गवते, क्लोव्हरसारख्या शिंबावंत वनस्पती आणि चिकोरी, यारो, बर्नेट इ. खोल मुळांच्या ओषधी असतात. गवतापासून चारा मिळतो. शिंबावंत वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन जमिनीत स्थिर करतात. खोल मुळे घट्ट अवमृदा फोडतात. दोन-चार वर्षांनी कुरण नांगरले, म्हणजे पुढील धान्यपिकास कसदार जमीन मिळते. मात्र पिशवीतील बियाणे जिवंत आहे की मृत, टिकाऊ वाणाचे आहे की अल्पायुषी, हे शेतकऱ्यास केवळ पाहून कळत नाही. ते कळेपर्यंत एकदोन हंगाम वाया गेलेले असतात. त्यामुळे या मिश्रणांचा इतिहास बऱ्याच अंशी बियाण्याची विश्वासार्हता प्रस्थापित होण्याचा इतिहास आहे.

सतराव्या शतकापूर्वी नवे कुरण करावयाचे झाल्यास शेत नैसर्गिक रीत्या गवताळ होऊ देत, किंवा गंजीखाली व माळ्यावर साचलेला वाळल्या गवताचा केर पेरीत. त्यात गवताच्या बियांइतकेच तणांचे बीही असे. सर रिचर्ड वेस्टन (१५९१–१६५२) यांनी फ्लँडर्समधील क्लोव्हरची शेती पाहून लिहिलेला वृत्तांत १६५० मध्ये प्रसिद्ध झाला. ॲन्ड्रू यॅरंटन यांनी १६६३ मध्ये क्लोव्हरच्या लागवडीचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. याच शतकात राय गवताची मुद्दाम पेरणी होऊ लागली. अठराव्या शतकात सलगम, सातू, क्लोव्हर व गहू ही नॉरफॉक परगण्यातील चार पिकांची फेरपालट रूढ झाली आणि क्लोव्हरच्या बियाण्याला कायमची मागणी निर्माण झाली.

इतर गवतांचे शुद्ध बियाणे मात्र दुर्मिळ होते. बेंजामिन स्टिलिंगफ्लीट (१७०२–७१) यांनी उपयुक्त गवते ओळखून त्यांचे बी निवडून गोळा करावे, असे प्रतिपादन १७५९ मध्ये केले. ड्यूक ऑफ बेडफर्ड यांच्या वोबर्न येथील बागेत जॉर्ज सिंक्लेअर यांनी लहान वाफ्यांत विविध गवतांची तुलना केली व तिचे निष्कर्ष १८१६ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. एकाच जातीच्या गवतापेक्षा अनेक जाती एकत्र वाढविल्यास एकूण चारा अधिक मिळतो, हे तत्त्व चार्ल्स डार्विन यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले. मिश्र पेरणीस त्यामुळे शास्त्रीय आधार लाभला.

एकोणिसाव्या शतकात रेडिंग येथील सटन (स्थापना १८०६) व एडिंबरो येथील लॉसन यांसारख्या पेढ्या जमिनीच्या प्रकारानुसार तयार मिश्रणे पुरवू लागल्या. त्याबरोबर व्यापारात भेसळही फोफावली. जुन्या क्लोव्हरच्या बियांना रंग देणे किंवा गंधकाची धुरी देऊन त्या ताज्या भासविणे, तसेच हलक्या जातीच्या बिया उष्णतेने मारून चांगल्या बियाण्यात मिसळणे, हे प्रकार सर्रास चालत. मृत बी उगवत नसल्याने लबाडी शेतात उघड होत नसे. यावर १८६९ च्या कायद्याने बिया फसवणुकीच्या हेतूने मारणे व रंगविणे हे गुन्हे ठरविले. त्याच वर्षी जर्मनीत फ्रीड्रिख नोबे यांनी टारांट येथे जगातील पहिले बीजपरीक्षण केंद्र सुरू केले. ब्रिटनमध्ये विक्रेत्यावर बियाण्याची शुद्धता व उगवणशक्ती जाहीर करण्याचे बंधन मात्र १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धातील अन्नटंचाईच्या काळात आले.

मिश्रणात काय असावे, याबद्दलही वाद होते. १८७० नंतर स्वस्त अमेरिकन धान्यामुळे पुष्कळ नांगरटीची जमीन कुरणाखाली गेली. राय गवत अल्पायुषी म्हणून वर्ज्य करावे, असे काहींचे मत होते. विल्यम फ्रीम (१८५४–१९०६) यांनी उत्तम जुन्या कुरणांतील हरळीचे तुकडे आणवून तपासले, तेव्हा त्यांत राय गवत व पांढरा क्लोव्हर यांचेच प्राबल्य आढळले. म्हैसूर संस्थानात कॉफीचे मळे केलेले रॉबर्ट एलियट यांनी स्कॉटलंडमधील क्लिफ्टन पार्क येथे चिकोरी, बर्नेट, यारो इत्यादींचे मिश्रण पेरले. कृत्रिम खतांपेक्षा खोल मुळांनी जमीन स्वस्तात सुधारते, हे त्यांचे प्रतिपादन १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. नॉर्थंबरलँडमधील कॉकल पार्क येथे डग्लस गिलख्रिस्ट यांनी रानटी पांढऱ्या क्लोव्हरचे अल्प प्रमाणही कुरण कसे टिकवून धरते, हे दाखविले.

मूळ दोष कोठे आहे, हे जॉर्ज स्टेपल्डन (१८८२–१९६०) यांनी स्पष्ट केले. व्यापारी बियाणे ज्या झाडांपासून भरपूर बी मिळते त्यांचेच गोळा होई. परिणामी पिढ्यानुपिढ्या दांड्या व बी जास्त, पण पाने कमी आणि आयुष्य थोडे, अशी झाडे नकळत निवडली जात. प्रामाणिक विक्रेत्याचे शुद्ध बियाणेही त्यामुळे कुरणास अपुरे पडे. १९१९ मध्ये ॲबरिस्टविथ येथे स्थापन झालेल्या वेल्श वनस्पती प्रजनन केंद्रात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या कुरणांतील पानाळ, टिकाऊ झाडे निवडून राय गवताचा एस २३ आणि पांढऱ्या क्लोव्हरचा एस १०० हे वाण तयार केले. १९३९ मध्ये जुनी कुरणे नांगरण्यासाठी शासनाने एकरी २ पौंड अनुदान दिले. युद्धकाळात फेरपालटीच्या कुरणांचा त्यामुळे प्रसार झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर नायट्रोजनयुक्त खते स्वस्त झाली. क्लोव्हर व ओषधी मागे पडून राय गवताची एकसुरी कुरणे वाढली. न्यूमन टर्नर यांनी १९५५ च्या आपल्या पुस्तकात ओषधीयुक्त मिश्रणांची बाजू मांडली, पण तो विचार दीर्घकाळ मूठभर सेंद्रिय शेतकऱ्यांपुरताच राहिला. खतांच्या वाढत्या किमती, जलप्रदूषण व जमिनीचा ऱ्हास यांमुळे एकविसाव्या शतकात त्याकडे पुन्हा लक्ष गेले. इंग्लंडमध्ये २०२३ च्या शासकीय योजनेत अशा कुरणांसाठी हेक्टरी वार्षिक ३८२ पौंड देऊ करण्यात आले. मार्च २०२५ मध्ये त्या योजनेचे नवे अर्ज स्वीकारणे थांबविण्यात आले. अनुदानाचे धोरण बदलले, तरी शेतकऱ्याची जुनी अडचण कायम राहते. उगवणशक्ती व शुद्धता पिशवीवरील चिठ्ठीवरून कळते. पण मिश्रण आपल्या जमिनीस व जनावरांस मानवेल की नाही, हे कुरण काही वर्षे चरल्यावरच ठरते.