लेखणीची शाळा

स्कॉटिश मिशनने १८८३ साली नागपुरात स्थापिलेल्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ मध्ये अमेरिकन प्राध्यापक रोलंड वूल्सली आले व वृत्तपत्रविद्येचा विभाग सुरू झाला. छापखान्यात उमेदवारी करूनच पत्रकार घडतो, असा समज असलेला तो काळ. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मगुरू, व्रतस्थ व प्रापंचिक यांना संपर्कमाध्यमांचे रीतसर शिक्षण द्यावे, असे आज्ञापत्र काढले. १९६९ साली येशूसंघीयांनी मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स उभारली. प्रॉटेस्टंट बांधवांनी धरलेली वाट आम्ही १७ वर्षांनी धरली. वृत्तपत्रांत आमची दखल नाही, अशी आमची तक्रार असते. परंतु या विद्येसाठी आम्ही आमची किती मुले धाडली?