भारतीय कम्युनिस्ट पक्ष : प्रारंभीचा काळ व वृत्तपत्रे

भारतातील साम्यवादी विचारसरणीचा पहिला राजकीय पक्ष. मानवेंद्रनाथ रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ ऑक्टोबर १९२० रोजी ताश्कंद येथे पक्षाची स्थापना केली. देशांतर्गत संघटना मात्र डिसेंबर १९२५ च्या कानपूर परिषदेत आकाराला आली. यांपैकी पहिली घटना मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष व दुसरी भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापना म्हणून मानतो.

कानपूरपूर्वी मुंबई, कलकत्ता, मद्रास व लाहोर येथे साम्यवाद्यांचे स्वतंत्र गट होते. त्यांना जोडणारा मुख्य दुवा पत्रव्यवहार व नियतकालिके हाच होता. रॉय यांनी मे १९२२ मध्ये बर्लिनहून ‘व्हॅनगार्ड’ सुरू केले. त्याचे अंक चोरट्या मार्गाने भारतात येत. ‘गांधी व्हर्सेस लेनिन’ (१९२१) ही पुस्तिका लिहिणाऱ्या श्रीपाद अमृत डांगे यांनी ऑगस्ट १९२२ मध्ये मुंबईत ‘सोशॅलिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक काढले. कानपूर कट खटल्यात (१९२४) डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी व नलिनी गुप्ता यांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली. कानपूर परिषदेचे अध्यक्ष सिंगारवेलू चेट्टियार होते. सच्चिदानंद विष्णू घाटे व जानकीप्रसाद बागरहट्टा सरचिटणीस झाले.

यानंतर पक्षाचे उघड कार्य प्रामुख्याने कामगार-शेतकरी पक्षांमार्फत चाले. कलकत्त्यात ‘लांगल’ व पुढे ‘गणवाणी’ ही बंगाली साप्ताहिके निघाली. मुंबईत १९२७ मध्ये ‘क्रांती’ हे मराठी साप्ताहिक सुरू झाले. इंग्रजी पत्र गिरणगावात फारसे पोहोचणे शक्य नव्हते. ‘क्रांती’मुळे पक्षाला कामगारांशी त्यांच्याच भाषेत बोलता आले. १९२८ च्या सुमारे सहा महिन्यांच्या सार्वत्रिक गिरणी संपात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मार्च १९२९ मध्ये मीरत कट खटल्यासाठी धरपकड झाली. डांगे, घाटे, जोगळेकर, मिरजकर, निंबकर, अधिकारी हे मुंबईचे नेते तीत सापडले. जप्त केलेली पत्रे व प्रकाशने सरकारने पुरावा म्हणून मांडली.

१९३४ मध्ये पक्षावर बंदी आली. बंदीतही १९३८ पासून मुंबईहून ‘नॅशनल फ्रंट’ हे साप्ताहिक निघे. दुसऱ्या महायुद्धाला पक्षाने पाठिंबा दिल्यावर जुलै १९४२ मध्ये बंदी उठली आणि ‘पीपल्स वॉर’ व त्याची मराठी आवृत्ती ‘लोकयुद्ध’ प्रसिद्ध होऊ लागली. अण्णा भाऊ साठे यांनी ‘लोकयुद्ध’साठी वार्ताहर म्हणून काम केले. मे-जून १९४३ मध्ये पक्षाचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले व पूरनचंद जोशी यांची सरचिटणीसपदी निवड झाली.